बनारसच्या गच्चीवरची तीन मिनिटं

वन्सं,

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. तुमच्या शाळेतले दोन सर परवा घरी येऊन गेले. शोकसभेत वाचून दाखवायला तुमची माहिती पाहिजे म्हणाले. जन्म कधीचा, शिक्षण कुठं झालं, नोकरी किती वर्षं केली. ते सगळं तुमच्या भावानं बसून लिहून दिलं. मला जमलं नसतं. माझ्याकडं तुमची जी माहिती आहे ती त्यांच्या कागदावर मावणारी नाही. तुम्हाला चहात विलायची चालत नव्हती, पण बनारसला त्या दिवशी तुम्ही लागोपाठ तीन कप विलायचीचा चहा प्यायलात आणि तुम्हाला ते कळलंसुद्धा नाही, हे मी कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

मी लग्न होऊन कुरुंद्याला आले तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती तुमची होती. सासूची, म्हणजे आत्याबाईंची, तेवढी नव्हती. त्या बोलून मोकळ्या व्हायच्या. तुम्ही नवऱ्याची थोरली बहीण, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या, लग्न न केलेल्या, घरात आलेला पेपर सगळ्यांच्या आधी वाचणाऱ्या. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला विचारलंत, "बारावीला गणित होतं का तुला?" मी हो म्हणाले. "मग पुढं सोडलं काहून?" मी चुलीत लाकूड सारलं. त्या दिवसापासून तुमची माझ्यावर नजर होती असं मला वाटतं.

वारंगा फाट्यावरच्या आपल्या फोटो स्टुडिओत मला नेऊन बसवलं तेही तुम्हीच. लग्नाच्या घरी आतल्या खोलीत नवरीचे फोटो काढायला बाईमाणूस असलं तर बरं, असं लोक म्हणायला लागले होते. हे तयार नव्हते. तुम्ही म्हणालात, "बाळू, तुझ्यापरीस तिचा हात थिर हाय. दे तिच्या हातात कॅमेरा." मग ओट्यावर मांजर मांडीत धरून तुम्ही मला शिकवलंत. उन्हात तिच्या डोळ्यातली बाहुली रेघेएवढी कशी होते, पदराच्या सावलीत धरली की वाटोळी कशी होते. "लेन्सचं तोंड असंच लहान-मोठं होतं. बाकी काई न्हाई त्यात." पुढं मी किती नवऱ्या मुलींचे फोटो काढले ते आठवत नाही, पण उजेड कमी पडला की मला अजून ती मांजर आठवते.

मग ते वर्ष आलं. हळद शिजवायचे दिवस होते. सगळ्या गावात त्या वाफेचा वास भरलेला. तुम्ही शाळेतून आलात, पिशवीतून देशाचा नकाशा काढला आणि ओसरीत पसरला. सुरतेपासून बिहारपर्यंत पेन्सिलीनं एक पट्टा काढलेला होता.

"जुलैत सूर्यग्रहण हाय. या पट्ट्यात खग्रास. आपल्याकडं नुसतं खंडग्रास, तेबी ढगात. मला या पट्ट्यात जायचंय अन् तू माझ्यासंग यायचंस. फोटो तू काढायचा."

"सूर्याचा?" मी विचारलं.

"सूर्य झाकल्यावर जे उरतं त्याचा."

तुम्ही चाळिशीच्या पुढं होता तेव्हा. वीस वर्षं फळ्यावर तीन वाटोळी काढून पोरांना ग्रहण शिकवलं होतं आणि स्वतः एकदाही खग्रास पाहिलं नव्हतं. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. नकाशावरून फिरणाऱ्या तुमच्या बोटाकडं बघून मला ते कळलं.

जागा ठरवायलाच तुम्ही दोन महिने घेतलेत. सुरत जवळ होती, पण जुलैत तिथं पाऊस कोसळत असतो. इंदूर-भोपाळचं तेच. तुम्ही कुठून कुठून मागच्या वर्षांची ढगांची माहिती मिळवली, ओळखीच्या ओळखीनं बनारसच्या एका मास्तरांचा फोन नंबर मिळवला आणि त्यांना तुमच्या शाळकरी हिंदीत विचारलंत, "सावन में सुबह सूरज दिखता है क्या आपके यहाँ?" ते म्हणाले, कधी दिखता है, कधी नहीं. तुम्ही फोन ठेवला आणि म्हणालात, "खरं बोलणारा माणूस हाय. बनारसला जाऊ." तिथं घाटावरून पूर्वेला नदी, नदीपलीकडं नुसती वाळू. सकाळचा खालचा सूर्य अडवायला झाड नाही, घर नाही. हेही कारण होतंच.

आत्याबाईंनी ऐकलं तेव्हा हातातलं सूप खाली ठेवलं. "गिराण सुटंस्तोर आमी घोटभर पानी बी पेत न्हाई, अन् तुमी त्याचा फोटू काढाया चालल्या? डोस्कं ठिकाणावर हाय का दोघींचं?"

"ठिकाणावर हाय म्हणूनच चाललो, आई," तुम्ही म्हणालात.

आणि मग सुरू झाली आपली तालीम. अंगणात हळद वाळत घातलेली, मधे पायवाटेपुरती जागा, तिथं कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं करायचं. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची गोल झाकणी करून तिला तुम्ही मागवलेली काळी फिल्म चिकटवली होती. सूर्य उघडा असेपर्यंत ही झाकणी लेन्सवर पाहिजे, नाहीतर कॅमेरा जळेल आणि डोळाही. सूर्य पूर्ण झाकला की झाकणी काढायची, नाहीतर फोटोत नुसता काळोख. पुन्हा कड उजळली की ताबडतोब लावायची. तुम्ही शाळेतलं पळायच्या शर्यतीचं घड्याळ गळ्यात घालून उभ्या राहायच्या आणि "काढ!" म्हणून ओरडायच्या. पहिल्या दिवशी मी झाकणी ओढली आणि अख्खी लेन्स हलली.

"सूर्य गेला तुझा फोटोच्या बाहेर. पुन्यांदा."

कितीदा पुन्यांदा, वन्सं! खग्रासाच्या तीन मिनिटांत कुठल्या क्रमानं कॅमेऱ्याचा वेग बदलायचा ते तुम्ही मला पाढ्यासारखं पाठ करायला लावलंत. हजार, पाचशे, अडीचशे, सव्वाशे, साठ, तीस, पंधरा, आठ, चार. सेकंदाचे एवढे भाग. भाकरी थापताना मी ते म्हणायचे. हे एकदा वैतागून म्हणाले, "घरात बायको हाय का मीटर?" तुम्ही त्या पाढ्याच्या शेवटी एक गोष्ट जोडली होती. दोन मिनिटं झाली की कॅमेरा सोडायचा. शेवटचं एक मिनिट हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. मी म्हणाले, एवढा खटाटोप करून एक मिनिट वाया घालवायचं? तुम्ही म्हणालात, "वाया न्हाई. ते आपलं हाय."

निघायच्या आठवडाभर आधी मी मोठी लेन्स मागून आणायला नांदेडला गेले होते. येताना औषधाच्या दुकानातून एक पट्टी घेतली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. आधी दोनदा दिवस चुकले म्हणून मी सांगून बसले होते, आत्याबाईंनी शेवया केल्या होत्या, आणि मग काहीच नव्हतं. या वेळी पट्टीवर दोन रेघा आल्या. मी ती कागदात गुंडाळून चुलीत टाकली. यांना सांगितलं नाही, आत्याबाईंना नाही, तुम्हाला नाही. आठवड्यानं हिंगोलीच्या स्टेशनवर तुमच्या मागून पिशवी घेऊन गाडीत चढले.

अकोला, भुसावळ, मग ती लांबलचक गाडी. सगळीकडं पाऊस. तुम्ही खिडकीच्या गजांना नाक लावून बसलेल्या. ढग जरा विरळ झाले की तुमचा चेहरा उजळायचा, दाटले की पडायचा. बनारसला त्या मास्तरांनी घाटावरच्या एका लॉजची गच्ची मिळवून दिली होती. आदल्या दुपारी आपण तिकाटणं लावून बघत होतो आणि एका माकडानं येऊन पुठ्ठ्याची झाकणी उचलली. ते कठड्यावर, तुम्ही छत्री घेऊन त्याच्या मागं. "अरे दे रे, तेरे काम की नहीं है!" माकडानं ती झाकणी डोळ्याला लावून बघितली, वन्सं, खरंच लावली, आणि गंगेत टाकून दिली. मला हसू आवरेना. तुम्ही रागानं लाल. मग पिशवीतून दुसरी काढलीत, कारण तुम्ही प्रत्येक गोष्ट दोन-दोन करून आणली होती, आणि मग मात्र तुम्ही माझ्यापेक्षा जास्त हसलात. तुम्हाला इतकं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ढग होते. लॉजवाल्याचा माणूस चहा घेऊन आला, तुम्ही न बघता कप उचललात. दुसरा, तिसरा. खाली घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. सूर्य ढगातून लाल टिकलीसारखा वर आला आणि त्याचा तुकडा आधीच गेलेला होता. ढग पातळ झाले, पुन्हा दाटले, पुन्हा पातळ झाले. तुम्ही गळ्यातलं घड्याळ मुठीत घट्ट धरलेलं. मी कॅमेऱ्याला डोळा लावून बसले. सूर्याची कोर बारीक होत होत नखाएवढी झाली आणि ऊन असूनही अंगावर काटा आला. गंगा जस्तासारखी दिसायला लागली. कबुतरं एकदम उठून देवळाच्या वळचणीला गेली.

"काढ!"

मी काढली. लेन्स हलली नाही.

हजार, पाचशे, अडीचशे. माझे ओठ हलत होते. खालून अख्ख्या घाटाचा एकच आवाज उठला, शंख, घंटा, माणसं, सगळं त्यात. मी वर पाहिलं नाही. सव्वाशे, साठ, तीस. तुम्ही आकडे मोजत होता ते मधेच थांबले. पंधरा, आठ, चार. मग माझ्या मनगटावर तुमचा हात आला.

"सोड. बघून घे."

मी डोळा काढला. सूर्याच्या जागी काळं भोक होतं आणि नुकत्याच न्हालेल्या म्हातारीनं पांढरे केस वाऱ्यावर सोडावेत तसं त्याच्या भोवती काहीतरी पसरलेलं होतं. चारी बाजूंना क्षितिजावर तांबडं फुटलेलं, जणू सगळीकडून एकदमच सकाळ होणार होती. तुम्ही रडत नव्हता. तुमचं तोंड थोडं उघडं होतं, शाळेतल्या पोरीसारखं. माझा एक हात तुमच्या हातात होता. दुसरा पोटावर होता. मी तो मुद्दाम ठेवला नव्हता.

मग कडेला एक ठिणगी पेटली आणि तुम्ही ओरडलात, "लाव, लाव!" मी झाकणी लावली आणि आपण दोघी गच्चीवर मटकन बसलो. तुम्ही म्हणालात, "आता कुणी मला वर्गात ग्रहण विचारलं तर मी काय सांगू?"

परतीला इटारसीच्या आसपास मला ओकारी झाली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तुम्ही पाण्याची बाटली हातात दिली आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"किती दिवस झाले?"

मी खोटं बोलू शकले नाही. सांगितलं.

"सांगायला काय झालं होतं तुला?" तुमचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "एवढा परवास, ते धक्के, ती गर्दी. काई झालं असतं म्हंजे?"

"सांगितलं असतं तर नेलं असतं का तुम्ही मला?"

तुम्ही खिडकीकडं तोंड केलंत. माझी साडी खराब झाली होती, तुम्ही पिशवीतून स्वतःची काढून दिली, माझं डोकं मांडीवर घेतलं, पण बोलला नाहीत.

फाल्गुनात नांदेडच्या दवाखान्यात कावेरी झाली. वरचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, ऑपरेशननं नीट होईल, काळजी करू नका. पण आत्याबाईंनी बोटांवर महिने मोजलेले होतेच. त्यांनी लेकराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग तुमच्याकडं बघून म्हणाल्या, "घ्या. काढा आता हिचा फोटू."

तुम्ही बिनपगारी रजा घेतलीत. कावेरीला अंगावर पिता येत नव्हतं, म्हणून वाटी-चमच्यानं दूध पाजायला शिकलात, मला शिकवलंत. थेंब थेंब, मान अशी धरायची, घाई करायची नाही. माझे हात थरथरायचे तेव्हा तुम्ही म्हणायच्या, "तुझा हात थिर हाय, मला ठाऊक हाय." स्टुडिओत लावलेला ग्रहणाचा मोठा फोटो यांनी उतरवून ठेवला, कारण फाट्यावर येणारे-जाणारे त्याच्याकडं बोट दाखवायला लागले होते. तुम्ही दुसऱ्या दिवशी एसटीतून तो मांडीवर घेऊन गेलात आणि शाळेच्या प्रयोगशाळेत लावलात.

ऑपरेशनच्या वेळी वॉर्डात तशीच चार-पाच लेकरं होती. तुम्ही प्रत्येक आईजवळ जाऊन बसलात. कळमनुरीकडची एक बाई होती. तिच्या सासऱ्यानं पंचांग काढून काढून बघितलं होतं, पोटात असताना कुठं ग्रहण सापडतं का. सापडलं नाही, म्हणून मग अमावस्येला वांगी चिरली असा दोष तिच्यावर ठेवला होता. तुम्ही त्या बाईला लेकरासकट आपल्या घरी घेऊन आलात. जेवू घातलंत आणि आत्याबाईंसमोर बसवलंत.

"आई, हिला इचार. हिनं ग्रहण बघितलं का?"

"न्हाई ओ माय," ती बाई म्हणाली. "आमच्याकडं गिराणच न्हवतं. म्या वांगी चिरली म्हंत्यात. आता रोज काय चिरू मंग?"

आत्याबाईंनी तिच्या लेकराकडं बघितलं. मग उठल्या, आतून झबलं आणलं आणि त्याच्या अंगावर घातलं. त्यांनी कबूल काही केलं नाही. पण त्या दिवसानंतर ग्रहणाचं नाव त्यांनी घरात काढलं नाही.

या सगळ्यात मी तुम्हाला एक गोष्ट कधीच सांगितली नाही, वन्सं. दवाखान्यात कावेरीला माझ्याजवळ दिलं, मी तिचा ओठ बघितला, तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते बनारस. माझाच हात पोटावर होता, मीच तिला तिथं नेलं, माझ्यामुळं झालं. डॉक्टर सांगत होते, तुम्ही सांगत होता, आणि मी मान हलवत होते, पण आतून मी आत्याबाईंच्या बाजूला होते. तुम्ही घराशी भांडत होता. त्या घरात मीही होते हे तुम्हाला कळू दिलं नाही. ते जायला मला वर्षं लागली. कळमनुरीच्या त्या बाईनं थोडं नेलं, थोडं कावेरीनं.

गाडीतल्यानंतर आपलं दुसरं भांडण कावेरी पाच वर्षांची असताना सुरू झालं. तिच्या शाळेचा फोटो होता. मी स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर तिच्या ओठावरची रेघ पुसून टाकली. लोकांचे वांग, मुरमं पुसतेच मी, तसंच. तुम्ही फोटो हातात घेतलात आणि म्हणालात, "ही कोण पोरगी?" कावेरी बाजूलाच होती. तीही म्हणाली, "आई, माझी रेघ कुठं गेली?" मला रडू आलं. तुम्ही तिला बाहेर पाठवलंत.

"रेघ पुसतेस. बनारसला ती पोटात होती हेबी तिला सांगितलं न्हाईस. कदी सांगणार?"

"मोठी झाली की."

"कुणीतरी आडवंतिडवं सांगायच्या आत सांग. लेकराला खरं पेलतं. आपल्यालाच पेलत न्हाई."

मी ऐकलं नाही. पुढं हिवाळ्यातल्या खंडग्रासाच्या सकाळी तुम्ही शाळेच्या मैदानावर सगळ्या गावाला चष्मे वाटलेत. कडुनिंबाखाली उन्हाचे कवडसे कोरीसारखे झाले होते आणि कावेरी, चौथीतली, प्रत्येकाला हात धरून ते दाखवायला नेत होती. कुंपणापलीकडून एक म्हातारी तिला म्हणाली, "तू घरात जा गं माय, तुला तर जपाया पाहिजे." कावेरी म्हणाली, "मलाच काहून?" म्हातारी पदर सावरून चालू लागली. तुम्ही ते ऐकलंत. संध्याकाळी पुन्हा माझ्यामागं लागलात. मी पुन्हा नाही म्हणाले. तेव्हापासून वर्षातून दोनदा तरी हेच. तुम्ही म्हणायच्या सांग, मी म्हणायचे नको. एकदा मी चिडून म्हणाले, "लेक माझी हाय." तुम्ही ताटावरून उठलात. दोन दिवसांनी काही न झाल्यासारख्या आलात आणि इजिप्तचा नकाशा पसरलात. तिथं सहा मिनिटांचं खग्रास आहे म्हणालात. निवृत्त झाले की तिघींचे पासपोर्ट काढायचे. मी नकाशा बघितला, पण मागचं बोलणं मागे घेतलं नाही. आज ते खुपतं.

मग तुमचं दुखणं आलं. दोन महिन्यांत तुम्ही निम्म्या झालात. नांदेडच्या दवाखान्यात एका दुपारी मी तुमचे पाय चेपत होते. तुम्ही डोळे मिटूनच बोललात.

"तू गाडीत इचारलं होतं ना. सांगितलं असतं तर नेलं असतं का म्हणून."

माझे हात थांबले.

"नसतं नेलं."

"काहून?"

"भ्याले असते. आईला, गावाला. काई झालं तर बाळूला काय सांगू, हे." तुम्ही पाय जरा वर ओढून घेतलात. "अन् खरं सांगू का, थोडी सूर्यालाबी. एवढी वरसं पोरांना शिकवून."

मी काही बोलणार तेवढ्यात नर्स आली, सुई बदलायची होती. तुम्हाला झोप लागली. नंतरच्या चार दिवसांत तुम्ही शुद्धीवर फार नव्हता. माझं उत्तर राहिलं.

ते असं होतं, वन्सं. मला ठाऊक होतं. पट्टी चुलीत टाकताना मला पक्कं ठाऊक होतं की तुम्ही नेणार नाही. तुमच्यावर भरवसा नव्हता म्हणून मी लपवलं असं तुम्हाला एवढी वर्षं वाटत आलं असेल तर ते खरं नाही. तुम्हाला ते ठरवायला लागू नये म्हणून लपवलं. तुम्ही नाही म्हणाला असता, आणि मग आयुष्यभर स्वतःला माफ केलं नसतं. आणि मला जायचं होतं. सहा वर्षांत मला पहिल्यांदा कशासाठी तरी इतकं जायचं होतं. तुम्ही थोडी भ्याला असता हे ऐकून माझ्या मनातली तुमची जागा कणभर खाली आली नाही. उलट मला बरं वाटलं. मीही भ्यालेच होते की.

काल दुपारी कावेरी स्टुडिओत आली. दहावीची परीक्षा संपलीय तिची. शोकसभेसाठी तुमचा फोटो निवडायला बसली होती. जुन्या फोल्डरमधे तिला बनारसचे फोटो सापडले. ती एकेक पुढं करत होती. माकड, लॉजची गच्ची, कप हातात घेऊन उभ्या तुम्ही. खालच्या कोपऱ्यातली तारीख तिनं बघितली आणि थांबली. माझ्याकडं न बघता तिनं बोटं मोजली. आत्याबाईंसारखीच.

मी शटर अर्धं खाली ओढलं आणि तिला सगळं सांगितलं. पट्टी, हिंगोलीचं स्टेशन, पाढा, तुमचा हात, माझा हात, इटारसी. दवाखान्यात माझ्या मनात काय आलं होतं तेही. तुम्हाला जे सांगितलं नव्हतं ते तिला सांगितलं.

ती रागावली. "इतके दिवस काहून न्हाई सांगितलं?"

"मी भीत होते."

"अन् आत्याला माहीत होतं?" तिनं तुमचं विचारलं.

"ती सांग म्हणायची. दर वर्षी."

ती उठून पाणी प्यायली. आरशासमोर जाऊन उभी राहिली, तिथं गिऱ्हाइकं भांग पाडतात त्या आरशासमोर. ओठावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता रडेल. ती वळली.

"मंजे खग्रास झालं तेव्हा मी तिथं होते?"

"होतीस."

"मग तुमी सारखं 'आमी दोघी बनारसला गेलतो, दोघी गेलतो' काहून सांगता? तिघी होतो आपण."

बाहेर कुणीतरी पासपोर्ट साईजचे फोटो काढायला आलं होतं. तिनंच शटर वर केलं आणि त्यांना स्टुलावर बसवलं. मी कॅमेरा उचलला.

लेकराला पेललं, वन्सं. तुम्ही बराबर होता. हे तुम्हाला कळवायचं होतं, म्हणून एवढं लिहिलं.